सूपभर कोंडा

संदेश गुरांना टाके घालतो तेव्हा शेवटची गाठ दुहेरी मारतो आणि दोऱ्याची दोन्ही टोकं बोटभर मोकळी सोडतो. जनावर झाडाला अंग घासतं, त्यात गाठ सुटू नये म्हणून. ती गाठ मी पहिल्यांदा पाहिली ती मात्र त्याच्या बायकोच्या, काजलच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर. निळा नायलॉनचा दोरा, सात टाके, आणि शेवटी झुरळाच्या मिशांसारखी दोन टोकं.

"काय लागलं गं?" मी विचारलं.

"दार, ताई. वाऱ्यानं आपटलं."

खडकेवाडीत त्या दिवशी लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

संदेश तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर. दारात उभा राहून हसत होता. आवाज इतका मऊ, की अडलेली गाय त्याच्या नुसत्या बोलण्यानं निवांत होते म्हणतात. "उन्हातून आलात ताई. पाणी घ्या. काजल, ताईंना गूळ दे," असं सांगून तो मोटरसायकलवरून कामाला निघाला. गाडीचा आवाज वळणापलीकडं विरेपर्यंत काजल एक शब्द बोलली नाही. मग तिनं श्वास सोडला आणि तिच्याबरोबर त्या घरानंही सोडला असं मला वाटलं.

मी प्रणिता, बालसंरक्षण कार्यकर्ती. चोवीस गावं, दोनशे सत्तर पोरं आणि हातात सरकारनं दिलेली पाटी. पाटी म्हणजे तळहाताएवढा पडदा, आणि त्यात 'सांभाळ' नावाची यंत्रणा. त्या सकाळी सांभाळनंच मला इथं धाडलं होतं. काजलच्या मुलीला सहा वर्षांत एक्केचाळीस वेळा आरोग्य केंद्रात आणल्याची नोंद होती. कारण तपासा, असा हुकूम.

कारण आपसूक माझ्या मांडीवर येऊन बसलं. शाळेच्या दाखल्यावर आरोही, घरात कोंडी. लिंबोळीसारखी पिवळसर पोर, छातीत दम्याची घरघर. धाप लागली की आई तिला कडेवर घेऊन चार किलोमीटर चालायची. एक्केचाळीस वेळा चालली होती.

"कोंडी का म्हणता हिला?"

काजल हसली. टाके ताणले तशी कळवळली, तरी हसली. "ही माझी नव्हंच, ताई. हौसाआज्जीची हाय. मी नुसती सांभाळाया आणलीया."

कुडापलीकडच्या पिठाच्या गिरणीतून आवाज आला, "मग नीट सांभाळ की, भवाने! पोरीचं नाक बघ कसं गळतंय!"

हौसाबाई भुवयांपर्यंत पिठानं माखलेली बाहेर आली. साठीची बाई, एकटी, गिरणी स्वतः चालवणारी. तिनं कोंडीचं नाक पदरानं पुसलं आणि मला सगळं रीतसर सांगितलं. काजलची पहिली दोन पोटातच गेली होती, सातव्या महिन्यात. तिसरी जगली, पण तिच्यावरही सटवाईचा डोळा असेल ही भीती. सटवाई कपाळावर लिहून गेली की लिहिलेलं पुसता येत नाही; पण तिला फसवता येतं. म्हणून बाराव्या दिवशी पोर उकिरड्यावर ठेवली. आईनं पाठ फिरवली: नको आम्हाला ही. मग हौसाबाई सूप घेऊन आली, पोर सुपात उचलली आणि काजलच्या ओट्यावर सूपभर कोंडा ओतून गेली.

"टाकलेली पोर, कोंड्याची पोर. सटवाई बघती आन म्हणती, ह्यो केर कोण नेतंय घरी? आन जाती निघून!" हौसाबाईनं टाळी दिली. तेव्हापासून कोंडीचा दर वर्षाचा पहिला झगा हौसाबाईचा, रोजचा पहिला घास हौसाबाईच्या ताटातला. गिरणीचा पट्टा चढवता चढवता ती गुणगुणली,

उकिरड्याच्या माथ्यावर सोनं उन्हात झळकतं
कोंड्याच्या मोलानं बाई माझ्या सुपात झुलतं

ओवी कानावर पडली की माझं कामातलं लक्ष उडतं, ही माझी जुनी खोड. पाटीवर 'मोकळी नोंद' म्हणून एक चौकट असते. तिच्यात मी लिंबाखाली बसून आनंदानं लिहिलं: आईच्या कपाळावर टाके, कारण दार. आईने मुलीला बाराव्या दिवशी उकिरड्यावर टाकले. शेजारणीने सूपभर कोंडा देऊन घेतली. आई म्हणते, मुलगी माझी नाही.

खाली सही केली. गावाबाहेरचं वळण गाठेपर्यंत पाटी लाल झाली.

*

सांभाळ वाईट नाही, हे आधी सांगायला हवं. ते येण्यापूर्वी आमच्याकडं लोखंडी कपाट होतं. त्या कपाटात एका मुलाची फाइल अकरा महिने पडून होती. शाळेला ठाऊक होतं की पोर येत नाही. दवाखान्याला ठाऊक होतं की हात मोडलाय. अंगणवाडीला ठाऊक होतं की वजन घटतंय. तीन कागद एका फाइलीत होते, पण कुणी ते एकत्र वाचलेच नाहीत. तो मुलगा मला पाण्याच्या पिंपात सापडला. मीच त्याला बाहेर काढला. त्याच्या नखांत पिंपाचा निळा रंग होता.

सांभाळ ते कागद एकत्र वाचतं. राज्यातल्या अकरा लाख जुन्या प्रकरणांवर ते शिकलं आहे. कुठल्या नोंदींच्या मागून पोर मेलं, कुठल्या नोंदींच्या मागून वाचलं, त्या वाटा त्यानं शोधून ठेवल्यात. नवी नोंद आली की ती कुठल्या वाटेला लागते ते पाहतं आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला धोक्याचा अंक देतं, शून्य ते शंभर. त्याला शब्दांचा अर्थ कळत नाही, शब्दांचे शेजारी कळतात. अकरा लाख प्रकरणांत 'देऊन घेतली'च्या शेजारी पोरं विकणाऱ्या टोळ्या होत्या. 'उकिरड्यावर टाकले'च्या शेजारी कुत्र्यांनी ओढलेली अर्भकं होती. 'माझी नाही'च्या शेजारी गळा दाबणारे हात होते. तिन्ही वाक्यं मी एकाखाली एक लिहून दिली होती.

आणि सांभाळला फक्त नोंद दिसते. जी आई पोरीला एक्केचाळीस वेळा दवाखान्यात नेते तिच्या नावावर एक्केचाळीस ठिपके पडतात. ठिपके दाटले की त्याला संकट दिसतं. जो बाप बायकोचं कपाळ घरीच शिवतो त्याच्या नावावर काहीच पडत नाही. कोरा कागद. कोऱ्या कागदाला सांभाळ निर्दोष समजतं.

काजल: सत्त्याण्णव. संदेश: तीन.

नव्वदीच्या वर अंक गेला की सहा तासांत त्या माणसाला मुलापासून तोडायचं आणि मूल सगळ्यांत कमी अंकाच्या रक्ताच्या नातलगाकडं सोपवायचं, असा नियम. मी रस्त्यातूनच माझ्या वरिष्ठांना, कदमसाहेबांना फोन लावला.

"साहेब, तो रिवाज आहे. सटवाईला फसवायचा खेळ आहे तो."

"नोंद तुझी ना?"

"हो, पण..."

"सही तुझी ना? मग दुरुस्ती टाक. ती बालकल्याण समितीपुढं जाईल, वीस दिवसांनी सुनावणी. तोवर अंक उभा."

"तो माणूस बायकोला मारतो, साहेब. तिच्या कपाळावर गुरांचे टाके आहेत."

"दवाखान्याचा कागद आहे?" ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "प्रणिता, पिंपातला पोरगा आठव. तेव्हाही कुणीतरी म्हणालं होतं, थोडं थांबू, घाई नको."

मी फोन ठेवला. ते म्हणणारी मीच होते.

*

चार वाजता जीप आली. दोन महिला पोलीस उतरल्या. कागद वाचून झाला तरी काजलला कळलं नाही. 'विक्री' हा शब्द आला तेव्हा कळलं. तिनं कोंडीला छातीशी धरलं आणि गोठ्याच्या मेढीला मिठी मारली. दोघींनी तिला ओढलं. मिठी सुटेना. एकीनं केस धरून मान मागं खेचली, दुसरीनं एकेक बोट उलटं वाकवून सोडवलं. कपाळाचे टाके तटातट तुटले. रक्त डोळ्यांत उतरलं, तिथून कोंडीच्या झग्यावर. कोंडी ओरडत नव्हती. तिला श्वासच लागत नव्हता, तोंड नुसतं माशासारखं उघडझाप होत होतं.

"पंप! तिचा पंप वर फळीवर हाय! आधी तिला पंप द्या, मग मला मारा!" काजल किंचाळत होती.

हौसाबाई सूप घेऊन धावली. पहिला तडाखा एका पोलीसबाईच्या पाठीत बसला, दुसऱ्यात सुपाच्या काड्या उडाल्या. "रांडांनो, पोर माझी हाय! मला इचारा! म्या घेतलीया ती!" त्यांनी तिला ढकललं. ती उकिरड्याच्या कडेला जाऊन पडली.

"म्हणजे घेतल्याचं ही कबूल करतेय," पोलीसबाई धापा टाकत म्हणाली आणि ते लिहून घेतलं. हौसाबाईला त्या घराच्या उंबऱ्याची बंदी लागली.

संदेश हात जोडून उभा होता. "काजल, ताईंना त्रास देऊ नकोस. कायदा आहे." तो इतक्या मायेनं बोलला की जीपचा ड्रायव्हर हळहळला.

जीप गेल्यावर मी हौसाबाईला उठवायला गेले. तिनं माझा हात झिडकारला.

"शिकलेली ना तू? मग लिही. पहिली दोन सटवाईनं न्हाय नेली. लाथंनं नेली. सातव्या म्हैन्यात, दोन्ही बारीला. मला दिसत व्हतं कुडातनं. म्हणून तिसरी म्या घेतली, चार माणसांदेखत, आन त्याला सांगितलं: संदेश, ही माझी हाय. हिला हात लावलास तर माझ्या मालाला हात लावलास, गावात तोंड दाखवू द्यायची न्हाय. सहा वर्सं त्यानं पोरीला बोट लावलं न्हाय. समदं हिच्याच अंगावर काढलं." ती मोडक्या सुपाकडं बघत राहिली. "तुझं यंत्र म्हंजी सटवाईच की गं. आकडा लिवती आन जाती. पर सटवाईला म्या फसवली व्हती. आन तू जाऊन तिला सांगून आलीस."

*

धोक्याचा अंक अवघा तीन असलेल्या घराला महिनाभर भेट लागत नाही. मी तिसऱ्या दिवशी गेले, कारण हौसाबाईचा फोन आला. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "पोरगी खोकत न्हाय, ताई. दम्याची पोर तीन दिसांत एकदा बी खोकली न्हाय."

दुपारचं ऊन होतं. कोंडी गोठ्यात वासरामागं बसली होती, दोन्ही हात तोंडावर दाबून. मला पाहून हात काढले नाहीत. डाव्या भुवईवर निळा दोरा, चार टाके. शेवटी दुहेरी गाठ, दोन टोकं मोकळी.

"कोंडे, खोकला आला तर खोकायचं बाळा."

तिनं मान हलवली. नाही.

मी झगा वर केला. पाठीवर ओल्या दाव्याचे वळ होते, काळेनिळे, एकाला एक लागून, पोत्याच्या विणीसारखे. फोटो काढायला पाटी उचलली तेवढ्यात मागून आवाज आला.

"ताई, पाटी खाली ठेवा."

"हिला दवाखान्यात नेतेय मी."

"कशाला? मी आहे की. पडली ती." संदेश जवळ आला. चेहऱ्यावर राग कुठंच नव्हता. "नाटकं फार करते. आईनं सवय लावली पंपाची. आता बघा, तीन दिवसांत सुटली."

मी कोंडीला उचलायला वाकले. त्यानं माझं मनगट धरलं, दोन टप्प्यांत मला खाली बसवलं, गुडघा खांद्यावर ठेवला. हे त्याचं रोजचं काम. बिथरलेल्या जनावराला तो असाच खाली घेतो. खुंटीवरून त्यानं चिमटा काढला. खोंडं खच्ची करायचा लांब दांड्याचा लोखंडी चिमटा. त्याचं वैशिष्ट्य असं की कातडी फाटत नाही, आतली शीर तेवढी चिरडते. रक्त येत नाही, म्हणून जखम चिघळत नाही.

त्यानं माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं चिमट्यात धरली आणि दांडे मिटले.

सुक्या तुरीच्या काठीसारखा आवाज झाला. मी किंचाळले की नाही ते आठवत नाही. वासरू दावं तोडून पळालं तेवढं आठवतं. त्यानं दांडे उघडले, पुन्हा एकदा मिटले, मग माझा हात उलटसुलट करून कौतुकानं पाहिला.

"रक्त आलं का? नाही ना. मग लिहा काय लिहायचं ते."

मला कोंडीला सोडून निघावं लागलं. ते ओझं आजही माझ्या पायात आहे. गिरणीच्या दारात हौसाबाई जात्याला टाकी लावायचा हातोडा घेऊन उभी होती. तिनं माझा हात पाहिला. बंदी मोडून ती त्या उंबऱ्यावर जाऊन बसली. "जा तू. मी हितं बसलीया. आत पोरगी वरडली तर त्याचं टकुरं फोडीन, मग घाल मला बी तुझ्या पाटीत."

*

सरकारी दवाखान्यातला तरुण डॉक्टर म्हणाला, "सूज आहे, बर्फ लावा."

"एक्स-रे काढा. आणि पोलिसांना कळवून नोंद करा. जागा लिहा, वेळ लिहा, नाव लिहा. नोंद झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

एक्स-रेमध्ये दोन बोटांच्या हाडांचं पीठ झालेलं होतं. संदेशच्या कोऱ्या कागदावर पहिला ठिपका पडला. सांभाळनं त्याचा अंक तीनवरून अठ्ठावन्नावर नेला. संध्याकाळच्या आत पोलीस गेले, त्याला पकडलं, कोंडीला जिल्ह्याच्या बालगृहात आणलं, पंप दिला. तिथल्या बाई म्हणाल्या, ती सलग तासभर खोकली, जणू साठवून ठेवलं होतं.

संदेश पाचव्या दिवशी जामिनावर सुटला. माझ्याशी झटापट झाली, रागात हात लागला, असं त्यानं सांगितलं. पोरीचे टाके? पडली, बाप शिवतो, यात गुन्हा काय? वळांचा फोटो नव्हता. बालगृहात पाठीची नोंद व्हायला आठवडा लागला, तोवर वळ पिवळे पडून कशाचेही वाटत होते.

गणित साधं होतं. काजल सत्त्याण्णव, संदेश अठ्ठावन्न. रक्ताचं तिसरं कुणी नाही. पाटीत चौतीस नाती होती, आत्यापासून चुलत मेहुणीपर्यंत, त्यांत हौसाबाईला बसेल असं एकही नव्हतं. सुनावणीत काही बदललं नाही तर कोंडी बापाकडं जाणार होती.

मी एकोणीस पानांची दुरुस्ती तयार केली. डाव्या हातानं. हा रिवाज आहे, विक्री नाही, त्याग नाही. सटवाईला फसवायला अशीच नावं ठेवलेल्या गावोगावच्या कोंडाबाया, केरूबाया, धोंडूबाया शोधून त्यांचे जबाब जोडले. काजल निर्दोष ठरावी, तिचा अंक खाली यावा, पोर तिला मिळावी. एवढंच मला दिसत होतं.

*

समितीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. अध्यक्ष देवधर मॅडम, दोन सदस्य, भिंतीवर सांभाळचा मोठा पडदा. संदेश इस्त्रीच्या शर्टात आला होता. काजलला सुधारगृहातून आणलं. तुटलेल्या टाक्यांची जखम वेडीवाकडी भरली होती. हौसाबाई नवं सूप काखेत मारून बसली होती. शिपायानं ते बाहेर ठेवायला सांगितलं तर म्हणाली, "तुझी टोपी ठेव की भाईर, मग ठेवती."

"प्रणिताताई, तुमची दुरुस्ती आहे," मॅडम म्हणाल्या.

मी उभी राहिले. पहिलं पान काढलं.

"ताई," काजल म्हणाली, "कागद खाली ठेवा."

सगळे तिच्याकडं वळले.

"मॅडम, मला एक इचारायचंय. ताईंनी म्हटलं की समदा खेळ व्हता, आन तुम्ही मानलं, तर मी आई. बरूबर? आन हे बाप. खेळ म्हंजी दोघांचा बी हक्क हाय तसा."

"हो. तुझा अंक उतरेल. तू घरी जाशील."

"त्याच घरी?"

"यांचाही हक्क राहील. जामीन आहे, शिक्षा झालेली नाही."

"सुधारगृहात एका वकीलबाईनं मला नियम वाचून दाखवले. सातवा मी तीनदा वाचाया लावला." काजलनं पदर सारखा केला. "टाकलेलं मूल ज्यानं उचललं आन वाढवलं, त्याचा हक्क पहिला. टाकणाऱ्याचा कायमचा संपला. असंच हाय ना?"

मॅडमनी चष्मा काढला. "तसंच आहे. पण टाकणाऱ्याला शिक्षाही आहे, काजल. तुरुंग आहे."

"खेळ न्हवता, मॅडम. आम्ही पोर टाकली. बाराव्या दिवशी, उकिरड्यावर. मी पाठ फिरवली आन ह्यांनी सोत्ताच्या हातानं ठेवली. हौसाआज्जीनं उचलली नसती तर कुत्र्यांनी खाल्ली असती."

संदेश हसला. "काहीतरीच काय, मॅडम! अहो, बारसं होतं ते. सगळं गाव होतं."

"व्हतं. आन ह्यांनी व्हिडिओ काढायला लावला, गावच्या ग्रुपवर टाकला. अजून असंल. बघा की तुमच्या यंत्राला इचारून."

यंत्रानं तो अर्ध्या मिनिटात शोधला. पडद्यावर सहा वर्षांपूर्वीचं ऊन पसरलं. इस्त्रीच्याच शर्टातला संदेश, हातात लालसर चिमुकला गोळा. तो वाकला, गोळा राखेवर ठेवला, हात झटकले आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, "घ्या, टाकली! कुणाला पायजे त्यानं न्या!" लोक हसले. चित्र थांबलं. पडद्याच्या कडेला त्याचा अंक वर सरकू लागला, अठ्ठावन्न, सत्तर, एक्क्याण्णव.

"थांबा," तो म्हणाला. आवाज पहिल्यांदा फाटला. "ए, काजल. खरं सांग. सांग नायतर जिवंत..." तो टेबल ओलांडून तिच्यावर गेला. तिचा गळा त्याच्या हातात आला, डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. दोन शिपाई लटकले तरी बोटं सुटेनात. हौसाबाईनं सुपाची कड त्याच्या मनगटावर घातली तेव्हा सुटली. काजल खाली घसरली. कपाळाची जखम पुन्हा उघडली होती. तिनं रक्त पुसलं नाही. तशीच मॅडमकडं बघत म्हणाली, "लिवा."

बरीच मिनिटं गेली. त्याला बाहेर नेलं. मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"हौसाबाई, तुम्ही कोंडा देऊन मूल घेतलंत. ती विक्री होते."

"कोंडा हिच्या शेळीला घातला, बाई. भुकेली व्हती. न्हाय पटत तर शेळीला इचारा."

एक सदस्य खोकल्यात हसला. मॅडम माझ्याकडं वळल्या. "ताई, तुमच्यासमोर दोन कागद आहेत. तुमची पहिली नोंद आणि तुमची दुरुस्ती. दुरुस्तीत तुम्ही म्हणता, हा निव्वळ रिवाज. शब्दशः खरं काय?"

एकोणीस पानं माझ्या डाव्या हातात होती. त्यांत सगळं खरं होतं. काजल भिंतीला टेकून माझ्याकडं पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत विनंती नव्हती, हुकूम होता. तिला निर्दोष ठरवलं असतं तर पोर मेली असती. हे तिला माझ्याआधी समजलं होतं.

"पहिली नोंद," मी म्हणाले. "शब्दशः खरी आहे. एकच शब्द चुकला. कुणी ठेवली ते मी त्या दिवशी विचारलंच नव्हतं. 'आईने' लिहिलंय, तिथं 'आईबापाने' करा."

मी दुरुस्तीची पानं दुमडली. पडद्यावर हौसाबाईचं नाव पहिल्यांदा उमटलं, पुढं अंक: चार. नात्याच्या रकान्यात सांभाळनं पस्तिसावं नातं आपणहून तयार केलं होतं. उचलणारी.

*

संदेशला दहा वर्षांची शिक्षा झाली, काजलला तीन.

माझी दोन बोटं कायमची निकामी झाली. डाव्या हातानं लिहायला वेळ लागतो, त्यामुळं प्रत्येक वाक्यापाशी थांबते आणि विचारते, हे कुणी केलं?

चौथ्या महिन्यात हौसाबाई तुरुंगात भेटीला निघाली. शेजारीण म्हणून परवानगी मिळाली होती. कोंडी तिच्या बोटाला. मी सोबत होते. कोंडीनं वाटेत एकदाही 'आई' हा शब्द काढला नाही. तिला कसं शिकवलं होतं, देव जाणे. जाळीपलीकडं काजल आली. कपाळावर रेघ राहिली होती, सटवाईनं काट मारावी तशी.

"हौसाआज्जी, पोरगी कुणाची गं?"

"माझी."

"मग नीट सांभाळ की, भवाने. नाक बघ कसं गळतंय."

दोघी हसल्या, आणि हसता हसता काजलनं जाळीत बोटं रुतवली.

कोंडी मात्र पहारेकरीण बाईच्या टेबलापाशी गेली. झग्याच्या खिशातून तिनं फडक्याची पुरचुंडी काढली, सोडली, टेबलावर उपडी केली. मूठभर कोंडा. थोडा भेटीच्या नोंदवहीवर सांडला.

"ए, हे काय गं?"

"ती बाई हितं टाकलेली हाय का?" कोंडीनं जाळीकडं बोट केलं. धाप लागली होती, पण थांबली नाही. "मग मी घेती."

पहारेकरणीनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग पोरीकडं. वहीवरचा कोंडा झटकायला उचललेला हात तिनं खाली घेतला. जरा वेळानं पेन उचललं.

"नातं काय लिहू?"

कोंडी खोकली. मोठ्यानं, मोकळी, पोटभर खोकली. मग म्हणाली,

"कोंड्याचं."